मुंगूस, मुक्काम क्लॅरेंडन

मिस आयसिल्डाच्या अंगणात
सकाळी साडेसहाला आरोळी उठली :
"मॉंगूस!"
आणि माझ्या हातातला कप
बशीपर्यंत पोचलाच नाही.

जमैकात मला ओळखीचं कुणी नव्हतं.
मी आलेलो साखर कारखान्याचा पंप बघायला,
तीन आठवडे, कंपनीच्या खर्चानं.
मळीचा वास तेवढा घरचा.

पिसं सांडत गेली होती
पत्र्याच्या कुंपणापर्यंत.
कोयता घेऊन ती ॲकीच्या झाडाखाली उभी,
वय शहात्तर, पायात मुलाचे बूट.
"चोर," ती म्हणाली, "ही दहावी कोंबडी."
मग मी न विचारताच सांगत सुटली
की इथे मॉंगूस म्हणजे
मागल्या दारानं येणारा पुरुषही,
मतं मागून पुलाचं लोखंड खाणाराही,
आणि तिचा नातू ड्वेन
चोरटी धाव घेतो तेव्हा तोसुद्धा,
पण ते कौतुकानं.

मी म्हणालो, हा शब्द आमचा आहे.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू आता कोंबडीची भरपाई मी देणार.

कोणे एके काळी, कुठल्याशा बंदरावर,
एखाद्या खलाशानं, पोर्तुगीज असेल, देव जाणे,
बोट दाखवून विचारलं असेल, हे काय?
आणि एका पोरानं
तोंडातला आवळा न काढता सांगितलं असेल, मुंगूस.
तेवढ्या शिदोरीवर शब्द निघाला.
खाऱ्या हवेत त्याचा उकार गळला,
इंग्रजांच्या घाटावर शेपटीला राजहंस चिकटला,
आता तिथले मास्तर भांडतात,
एकाहून जास्त झाले तर म्हणायचं काय.
मुंगसाचा नि हंसाचा संबंध काय?
अंडी. फक्त अंडी.

प्राणी मागाहून आला,
कलकत्त्याहून, पेटीतून,
उसातले उंदीर मारायच्या नेमणुकीवर.
पण उंदीर रात्रपाळीचे आणि हा दिवसपाळीचा.
गेटवर रामराम व्हायचा, तेवढाच.
मग त्यानं साप संपवले,
जमिनीवरची घरटी संपवली,
आणि मिस आयसिल्डाकडे आला.

संध्याकाळी कुंपण ठोकायला
सिलबर्ट मराघ आला.
मराघ म्हणजे महाराज.
बोटीवरच्या कारकुनाला जेवढं ऐकू आलं, तेवढं.
खिळे ओठांत धरून तो बोलत होता :
पणजा बस्तीकडचा, करार पाच वर्षांचा.
उसाच्या सरीत एक दिवस
ओळखीचं शेपूट दिसलं
आणि तो हर्षानं ओरडला, नेवला!
मुकादमानं काठी आपटून चूक दुरुस्त केली :
मॉंगूस.
पणज्यानं तो साहेबाचा शब्द म्हणून पाठ केला.
मरेपर्यंत चारचौघांत वापरायचा, ऐटीत.
त्याला येणाऱ्या इंग्रजीतला
तो सगळ्यात चांगला शब्द होता.

सकाळी मी म्हणालो होतो, आमचा.
आता नुसताच पत्रा धरून उभा राहिलो.

जेवताना सांगून पाहिलं,
की आमच्याकडे हा आडवा गेला तर शकुन.
पोरं रस्त्यात थांबून विनवतात,
बाबा रे, तोंड दाखव.
मिस आयसिल्डा एवढी हसली
की ताटातलं केळं खाली पडलं.
"इथे तो पाठच दाखवतो," ती म्हणाली,
"तोंड माझ्या कोंबडीला."

निघायच्या दिवशी पहाटे
पांढऱ्या मातीच्या रस्त्यावर तो आला,
अर्धा रस्ता ओलांडून थबकला.
मी पुटपुटलो, घरी म्हणतात तसंच,
बेचाळीस वर्षांचा माणूस, हातात बॅग.
मागल्या पायांवर उभं राहून
त्यानं तोंड दाखवलं.
मिशीला पिवळा बलक.

कुंपणाआडून तिनं हाक दिली,
"दिसला का तुला?"

मी म्हणालो, नाही.